खोली मिळते, पत्ता मिळत नाही

नवी मुंबईत भाड्याची खोली शोधायला निघालं की एजंट आधी बजेट विचारत नाही. ‘फॅमिली की बॅचलर?’ हे विचारतो. लग्न मोडून किंवा बरोबर राहणं संपवून बाहेर पडलेलं माणूस या दोन्ही खान्यांत बसत नाही. पस्तिशीच्या बाईने ‘एकटीच आहे’ म्हटलं की ‘मिस्टर कुठे असतात?’ येतं आणि ‘आम्ही वेगळे झालो’ म्हटलं की समोरचा आवाज खाली जातो. ‘मॅडम, सोसायटीवाले ऐकणार नाहीत. गावात दाखवू का?’ पुरुषाला एवढंही विचारत नाहीत. त्याला सरळ कॉट बेसिसवर पाठवतात, एका खोलीत चौघे किंवा पाच जण.

मग आपण गावात जातो. या शहराच्या पोटात खरोखरच गावं आहेत. घणसोली, तळवली, गोठिवली, बोनकोडे, जुहूगाव, तुर्भे, सानपाडा, शिरवणे, करावे, दिवाळे, शहाबाज. सेक्टरचा रुंद रस्ता सोडून आत वळलं की गल्ली एकदम अरुंद होते, समोर मंदिर आणि तळं दिसतं, ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बायका दिसतात आणि वर पाहिलं तर एकावर एक चढलेले मजले. प्रत्येक मजल्यावर तीन-चार दारं, प्रत्येक दाराशी चपला आणि भिंतीवर ओळीने लावलेले विजेचे सबमीटर.

ही गावं आधीची आहेत, शहर नंतरचं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जोडशहर वसवायची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. भातशेती गेली, मिठागरं गेली, गावठाणं तेवढी मागे राहिली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्यावर जे आंदोलन झालं, त्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. पण भूखंड हातात पडेपर्यंत मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, घर अपुरं पडू लागलं. लोकांनी घराला लागून घर बांधलं, मजला चढवला आणि वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. शेत गेलेल्या कुटुंबाला तेच उत्पन्न उरलं होतं. सरकारी कागदांत या बांधकामांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात.

एकट्या माणसाला परवडेल अशी खोली या आखीव शहरात प्रामुख्याने त्यांनी दिली, ज्यांची जमीन घेऊन हे शहर आखलं गेलं. सिडकोने छोटी घरं बांधलीच नाहीत असं नाही. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून राबवलेल्या योजनेत ऐरोली, कोपरखैरणे भागांत लहान लहान भूखंडांच्या रांगा पडल्या. माथाडी कामगारांसाठीही घरं झाली. त्या रांगांतही आज खाली मालक आणि वर भाडेकरू असंच दिसतं. पण तिथेही धरलं होतं ते कुटुंबच. पगार बेताचा, घर एका माणसाचं आणि मागे मोडलेला संसार, असा रहिवासी कोणत्याही आराखड्यात नव्हता.

मी या प्रश्नाकडे वळले ते स्वतःवर वेळ आली म्हणून. आम्ही दोघं खारघरला वन बीएचकेत राहत होतो, भाडं निम्मं निम्मं. लग्न केलेलं नव्हतं. करारनामा त्याच्या एकट्याच्या नावावर होता, कारण त्या आठवड्यात मला ऑफिसातून रजा मिळाली नव्हती आणि अंगठा द्यायला एक जण पुरत होता. डिपॉझिटमध्ये माझे पैसे होते, कागदावर माझं नाव नव्हतं. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा भांडण झालं नाही. सामान वाटून घेतलं, मिक्सर मी घेतला, गादी त्याने. डिपॉझिट मात्र घरमालकाकडे होतं, आणि त्या मालकाच्या लेखी मी त्या घरात कधी राहिलेच नव्हते.

त्या महिन्यापासून माझं सगळं गणित बावीस हजारांच्या पगारावर आलं. कोपरखैरण्याच्या गावठाणात दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली, भाडं साडेसात हजार, डिपॉझिट पंचवीस हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं. डिपॉझिट ऑफिसातल्या एका मैत्रिणीने दिलं, ते दरमहा तीन हजारांनी फेडायचं. लाइट सबमीटरवर, सातशेच्या आसपास. किराणा, दूध, भाजी धरून साडेपाच हजार. महापेला ऑफिसात जायचा खर्च बाराशे, फोन साडेतीनशे, गावी आईला तीन हजार. बेरीज मांडली की साडेसातशे रुपये उरायचे. त्या साडेसातशेत दवाखाना, चप्पल, कुणाच्या लग्नाचा आहेर, सगळं बसवायचं. एखाद्या महिन्यात ताप आला की पुढच्या महिन्याची चप्पल गेली.

एकट्याचा खर्च जोडप्याच्या निम्मा असतो असं बाहेरच्याला वाटतं. पण भाडं एकाचं म्हणून अर्धं होत नाही. पंखा एकासाठी फिरतो तेवढाच फिरतो. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी उन्हाळ्यात फ्रिजशिवाय संध्याकाळपर्यंत टिकत नाही, म्हणून दूध रोज आणायचं, नाहीतर कोरा चहा. कोथिंबिरीची जुडी तिसऱ्या दिवशी काळी पडते. भाजीवाल्याकडे पावशेर भेंडी मागितली की तो आधी मोठ्या गिऱ्हाइकाचं उरकतो. डाळ, तांदूळ, तेल मोठ्या पॅकमध्ये स्वस्त, पण पाच किलोची पिशवी घ्यायला महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे लागतात. म्हणून गरिबाला किराणा महाग पडतो आणि एकट्या गरिबाला त्याहून महाग.

या काळात मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे पाच किलोचा गॅस सिलिंडर. नेहमीच्या जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो. हा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याला ‘छोटू’ नाव दिलं. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महागच. पण तो विकत घेताना कुणी विचारत नाही की तुम्ही राहता कुठे आणि कुणाबरोबर.

हा प्रश्न इतर सगळीकडे विचारतात, आणि गावातल्या खोलीकडे त्याचं उत्तर नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ स्पष्ट आहे. भाडेकरार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. खर्चही फार नाही. अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी शुल्क. माझ्या खोलीच्या हिशेबाने बाराशे-तेराशे रुपये. तरी गावठाणात नोंदणीकृत करार सहसा होत नाही. घराचाच कागद अर्धवट आहे, सरकारदरबारी नोंद झाली तर उद्या कुणी तोच कागद घेऊन दारात येईल, ही मालकाची भीती. ती खोटी नाही. मग स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतात, तोही २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभरऐवजी पाचशेचा झाला. पुष्कळदा तेवढंही नसतं. भाडं रोख, पावती नाही, पहिल्या तारखेला हातात द्यायचं.

नांदत्या घरातल्या माणसाला याचा त्रास थोडा होतो. त्याच्याकडे गावचा पत्ता असतो, बापाचं घर असतं, जुनं रेशन कार्ड असतं. वेगळं झालेल्या माणसाच्या आधारवर जुनाच पत्ता असतो, ज्या दारात त्याला आता जायचं नसतं. बँकेची पत्रं तिथे जातात. न्यायालयाची नोटीस तिथे जाते आणि इकडे एकतर्फी तारीख निघून जाते. आधारवरचा पत्ता बदलायला नगरसेवक किंवा आमदाराचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. पण नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० साली संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहरात नगरसेवकच नव्हते. सही आणायला आमदाराच्या कार्यालयाबाहेर रांगेत उभं राहायचं, आणि त्यासाठी अर्धा दिवस बिनपगारी जायचा.

रेशन कार्डाचं दुखणं जुनं आहे. १९८८ साली संगमनेरला कार्यकर्त्या निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली, तेव्हापासून स्वतंत्र रेशन कार्ड ही या बायकांची मागणी आहे. नवऱ्याच्या कार्डातून नाव कमी झाल्याशिवाय नवं कार्ड नाही, आणि नाव कमी करायला कार्ड नवऱ्याकडे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली सगळ्यात मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली, ही मोठी गोष्ट झाली. पण एकट्या बाईचं कुटुंब मोजायला सुरुवात करायची तर आधी तिला जुन्या कुटुंबातून वजा करावं लागतं, आणि ते वजा करणं आजही तिलाच एकटीने करावं लागतं.

सरकारी मदतीचंही असंच. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित, पोटगी न मिळणाऱ्या स्त्रियांना महिन्याला दीड हजार रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. धुण्याभांड्याची दोन कामं धरणारी बाईसुद्धा त्यातून बाहेर पडते. २०२४ च्या जुलैपासून आलेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेत अडीच लाखांची मर्यादा आहे आणि परित्यक्ता, घटस्फोटित अशा सगळ्यांचा उल्लेख आहे. नवी मुंबईतल्या कित्येक खोल्यांचं अर्धं किराणा बिल या योजनेच्या दीड हजारांवर निघतं, हे मी गल्लीत पाहिलं आहे. पण २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि तिने पतीचं किंवा वडिलांचं आधार मागितलं. जिचे वडील गेले आणि नवऱ्याने सोडलं, तिने कुणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद देण्याची सोय झाली. घटस्फोट न होता नुसती वेगळी राहणारी बाई, आणि आपल्याकडे अशाच जास्त भेटतात, तिच्याकडे यातला एकही कागद नसतो.

कायद्यात तिच्यासाठी काहीच नाही असं मात्र समजू नये. ज्या कायद्याला लोक फक्त मारहाणीचा कायदा समजतात, त्या २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहण्याचा हक्क आहे. घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदली तिथून तिला असंच बाहेर काढता येत नाही. आणि तिथे राहणं शक्य नसेल तर त्याच दर्जाची दुसरी जागा द्या किंवा तिचं भाडं भरा, असा आदेश दंडाधिकारी कलम १९ खाली देऊ शकतात. लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या स्त्रीलाही हा कायदा लागू आहे. हिंसाचारात नुसती मारहाण येत नाही, पैशाची कोंडीही येते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या बायकांना हे सांगायलाच हवं की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांकही चालतो.

पुरुषांची बाजू मी टाळणार नाही, कारण गावठाणातल्या खोल्यांत तेही भेटतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी योग्य मानली. ते न्याय्य आहे असंच मला वाटतं. पण तीस हजार मिळवणाऱ्या माणसाच्या घराची दोन घरं झाली की दोन्ही चुलींवर कमीच शिजतं, हेही खरं. एमआयडीसीत पाळीवर जाणारा असा माणूस खोलीत भांडं ठेवत नाही. सकाळी वडापाव, रात्री डबा. त्याला कुणी विचारत नाही आणि तो कुणाला सांगत नाही. बाईला गल्ली निदान प्रश्न तरी विचारते.

त्या डब्यामागेही एकट्या बायकांचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरणगावात बिऱ्हाड गावी ठेवून आलेल्या कामगारांना खानावळीवाल्या बायका जेवू घालत. त्यांतल्या अनेक जणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. सावकाराच्या व्याजात त्या बुडालेल्या असत. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशा चौदा जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारात नेलं. तारण ठेवायला घर नाही, दागिना नाही, तरी ही बाई रोज इतक्या माणसांना जेवू घालते हीच तिची पत, असं त्यांनी बँकेला पटवलं. पुढे याच संस्थेने वाशीत नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह काढलं. नवी मुंबईत एकट्या बाईच्या राहण्याचा विचार करून बांधलेल्या मोजक्या इमारतींत ती आहे, आणि ती जेवण रांधणाऱ्या बायकांच्या संघटनेने बांधली.

सरकारकडेही नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहाची योजना आहे, आता तिला ‘सखी निवास’ म्हणतात. तिचे नियम वाचले तेव्हा मी माझी हिशेबाची वही पुन्हा काढली. महानगरात पन्नास हजारांपर्यंत पगार असलेली स्त्री पात्र. एकटीच्या खोलीचं शुल्क पगाराच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, दोघींच्या खोलीत दहा टक्के, मोठ्या दालनात साडेसात. माझ्या पगारावर एकटीच्या खोलीला तेहतीसशे. मी साडेसात हजार देत होते, पगाराच्या चौतीस टक्के. राहण्याची मुदत साधारण तीन वर्षं. मोडलेलं आयुष्य सावरायला, कर्ज फेडायला, एखादा कोर्स करून पगार वाढवायला तीन वर्षं पुरतात. ऐरोली आणि महापेच्या कंपन्यांत, तुर्भ्याच्या बाजारात, सीवूड्‌सच्या मॉलमध्ये, दवाखान्यांत रोज हजारो बायका कामाला येतात. त्यांच्या मानाने अशा खाटा नगण्य आहेत. भूखंड सिडकोकडे आहेत, योजना केंद्राकडे तयार आहे. हे व्हायला हवं.

घर विकत घेण्याचा मार्ग या पगाराला बंद आहे. सिडकोच्या अलीकडच्या मोठ्या सोडतीत दुर्बल गटासाठीचं तळोज्यातलं घर पंचवीस लाखांच्या घरात होतं. वीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सतरा हजारांच्या वर जातो. शिवाय पंतप्रधान आवास योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. घटस्फोट झालेला नसेल तर नवऱ्याचं पक्कं घर हे तिचंही घर धरलं जातं, तिला त्या दारात उभंही करत नसले तरी.

राहतं ते गावठाण, आणि ते सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. याच शहरातल्या दिघ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५-१६ मध्ये इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्यावर आली. २७ जुलै २०२४ च्या पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावात इमारत कोसळली आणि तिघांचा जीव गेला. आमच्या जिन्याला तडा होता. मी भाडं ठरवताना तो पाहिला होता आणि तरी खोली घेतली. साडेसात हजारांत तडा नसलेला जिना मिळत नव्हता.

तरीही माझ्या मालकीणबाईंबद्दल मला कृतज्ञताच आहे. आगरी घर, सून आणि नातवंडं खालच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं ते नवऱ्याबद्दल नव्हतं. ‘रात्रपाळी आहे का? दाराला कडी घालायला कुणाला तरी जागं ठेवावं लागेल,’ एवढंच. पहिल्या पावसात माझ्या खोलीत पाणी आलं तर त्यांनी जावयाला पाठवून रात्रीच ताडपत्री बांधून घेतली. एकदा भाडं पंधरा दिवस थकलं, त्या काही बोलल्या नाहीत. सोसायटीच्या कार्यालयात ‘आमचे नियम आहेत’ म्हणून मान फिरवणारी माणसं शिकलेली होती.

त्यांच्या घराचा कागद अजून झालेला नाही. २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरच्या आतली गरजेपोटीची बांधकामं नियमित करायचं ठरवलं, पण मोजणी, रक्कम, भाडेपट्ट्याच्या अटी यांवर वर्षानुवर्षं बैठका चालल्या आहेत. प्रकल्पग्रस्तांच्या संघटना जमिनीची मालकी मागतात. त्या मागणीत भाडेकरूही आहेत, हे कुणी मांडत नाही. त्या बाईंच्या नावावर मालमत्ता पत्रक झालं तर त्या पहिल्यांदा कर्ज काढून जिना नीट करू शकतील आणि वरच्या खोलीचा करार नोंदवायला त्यांना भीती उरणार नाही. आणि ते होईपर्यंत महापालिकेने एक छोटी गोष्ट करावी. घराच्या मालकीशी संबंध न लावता, अमुक व्यक्ती या खोलीत राहते एवढाच दाखला प्रभाग कार्यालयातून द्यावा. पाण्याचं बिल त्या इमारतीला येतं, मालमत्ता कर त्या इमारतीकडून घेतला जातो. आत राहणाऱ्या माणसाची नोंद घ्यायला अडचण काय आहे?

ती खोली मी सोडली तेव्हा मालकीणबाईंनी डिपॉझिट मोजून परत दिलं, पूर्ण पंचवीस हजार, रंगकामाचे कापले नाहीत. पावती नव्हतीच, त्यामुळे फाडायलाही काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तिथे पनवेलच्या एका शाळेत काम करणारी बाई राहायला आली, बरोबर सहा वर्षांची मुलगी. मुलीला गावठाणाजवळच्या शाळेत घालायचं होतं आणि शाळेने राहण्याचा पुरावा मागितला होता. मालकीणबाईंनी मला फोन करून विचारलं, नोटरी कुठे करून मिळते, आणि तेवढ्यावर प्रवेश होईल का.